तपासणी कोणाची, अहवाल कोणासाठी?

अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअर कायद्यावर सही केली आणि अमेरिकेतल्या वृद्धांच्या रुग्णालयाचा खर्च केंद्र सरकारने उचलला. योजना पुढच्याच जुलैत सुरू व्हायची होती. हजारो रुग्णालयांची तपासणी करायला सरकारकडे माणसे नव्हती, त्यात डॉक्टरांच्या संघटनेचा सरकारी हस्तक्षेपाला कडवा विरोध. म्हणून कायद्यातच तोड काढली गेली: जॉइंट कमिशनचे मानांकन असलेले रुग्णालय मेडिकेअरच्या बहुतेक अटी पाळते, असे धरून चालायचे.

हे कमिशन १९५१मध्ये डॉक्टरांच्या आणि रुग्णालयांच्या संघटनांनीच स्थापलेले. त्याआधी शल्यविशारदांच्या कॉलेजने १९१८च्या सुमारास ६९२ रुग्णालये तपासली होती. किमान निकषांना उतरली अवघी ८९. नावे फुटू नयेत म्हणून ती यादी जाळली गेली. डॉक्टरांनी स्वतःच्या व्यवसायाची इतकी कठोर तपासणी करावी, हे मोठेच काम होते. पण निकाल रुग्णापासून लपवण्याची सवयही तिथेच लागली.

१९७२मध्ये सरकारला फेरतपासणीचा अधिकार मिळाला. काही मानांकित रुग्णालये राज्यांच्या तपासनिसांनी पुन्हा पाहायची, अशी ती रीत. तिने काय दाखवले, हे २००४मध्ये काँग्रेसच्या तपास कार्यालयाने मांडले. २००० ते २००२ या काळात फेरतपासणी झालेल्या ५०० रुग्णालयांच्या नमुन्यात राज्यांना १५७ ठिकाणी गंभीर त्रुटी सापडल्या; त्यांतल्या १२३ रुग्णालयांत कमिशनला तसे काही दिसलेच नव्हते. तपासणीचे शुल्क भरते रुग्णालय, आणि नापास झाले तर तेच गिऱ्हाईक तुटते. या रचनेतून आणखी काय निघणार होते?

२००८च्या कायद्याने कमिशनचे खास स्थान गेले. १५ जुलै २०१०पासून इतर संस्थांप्रमाणे त्यालाही मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस खात्याकडे अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. सुधारणा खरी, पण तपासणीचे पैसे देणारे रुग्णालयच राहिले.

एप्रिल २०१७मध्ये सीएमएसने मानांकनाचे अहवाल लोकांसाठी खुले करण्याचा प्रस्ताव मांडला आणि ऑगस्टमध्ये मागे घेतला. घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्था वगळता हे अहवाल उघड करायला कायद्याचीच सर्वसाधारण मनाई आहे, असे कारण दिले गेले. मेडिकेअरचा पैसा लोकांचा आहे. शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्या माणसाला तो अहवाल आधी वाचता यायलाच हवा, आणि त्यासाठी काँग्रेसने ते कलम बदलले पाहिजे.