झोत टिकवण्याचं काम

खारे-कर्जुन्याच्या माळावर भर दुपारी दुर्बिणीतून पाहिलं, की दोन किलोमीटरवरचं लक्ष्य जागच्या जागी हलताना दिसतं. जमीन तापलेली, वरची हवा थरथरणारी. चौकटीच्या कडा लवलवत राहतात. नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे रणगाडे सराव करतात तो हा के. के. रेंज. प्रात्यक्षिकाला आलेले सगळे धमाक्याची वाट बघत असतात. मी मात्र त्याआधीची हालचाल पाहत होतो. तोफेची नळी किंचित उचलली जाते आणि थबकते. तेवढ्यात आत गनरने लेझरने अंतर मोजलेलं असतं. तीन किलोमीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा पन्नास हजारावा भाग पुरतो. संगणक नळीचा कोन ठरवतो. मग ज्वाळा, धूळ, आणि मागाहून आवाज.

अंतर मोजायला प्रकाशाचा एक ठोका पुरे. क्षेपणास्त्राला वाट दाखवायची, तर प्रकाशाचा झोत लक्ष्यावर टिकवावा लागतो. २२ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओने याच रेंजवर अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेतून लेझरनियंत्रित रणगाडाभेदी क्षेपणास्त्र सोडलं आणि तीन किलोमीटरवरचं लक्ष्य भेदलं. डीआरडीओच्या पुण्यातल्या एआरडीई या प्रयोगशाळेने एचईएमआरएल आणि डेहराडूनच्या आयआरडीई या प्रयोगशाळांसोबत ते घडवलं आहे.

खरी कसोटी लागते ती प्रकाशच शस्त्र झाला, आणि तोही विमानातून सोडायचा म्हटलं की. अमेरिकेने बोइंग ७४७ मध्ये ऑक्सिजन-आयोडीनचा रासायनिक लेझर बसवला. नाकाशी फिरता बुरूज, त्यात दीड मीटरचा आरसा. क्षेपणास्त्राचं इंजिन जळत असतानाच त्याला गाठायचं. आधी ज्वाळेची उष्णता हेरायची, एका लेझरने पाठलाग करायचा, दुसऱ्याने मधल्या हवेची थरथर मोजायची आणि लवचिक आरसा क्षणोक्षणी वाकवून ती भरून काढायची. त्यानंतर मुख्य झोत. तो कवच तापवून कमजोर करतो. फोडण्याचं काम आतला दाब करतो. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ हे साधलं. पण झोताचा पल्ला अपुरा होता. पुरेसं जवळ जायचं, तर अवजड विमानाला शत्रूच्या हद्दीत घिरट्या घालाव्या लागल्या असत्या. २०११ च्या अखेरीस योजना गुंडाळली गेली.

भारताने १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलला दाखवलेलं लेझर शस्त्र वाहनावर बसवलेलं, जमिनीवरचं आहे. त्याने ड्रोन पाडलं. ड्रोन जवळ असतं, सावकाश उडतं, त्याचं अंग पातळ असतं. विमानातून क्षेपणास्त्र पाडताना यातली एकही सवलत नाही. शिवाय विमान स्वतः कंपतं आणि त्याच्या अंगालगतची हवा खवळलेली असते.

म्हणून अशा शस्त्राच्या बातमीत किलोवॅटचा आकडा वाचून थांबू नये. झोत किती अंतरावर, किती सेकंद, एकाच जागी टिकला, हे आधी विचारावं.