भाकर आजच्यापुरती

ख्रिस्ती घरातल्या माणसाला चिंता शिवत नसावी, असं आमच्या मंडळातल्या बऱ्याच जणांना वाटतं. "तुमचं बरं आहे, प्रार्थना केली की झोप," असं एका मैत्रिणीने मला तोंडावर म्हटलं होतं. तसं काही नसतं. उलट आम्ही ज्या पुस्तकावर वाढलो ते घाबरलेल्या माणसांनी भरलेलं आहे. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांमध्ये रडणारी, देवाशी चक्क भांडणारी स्तोत्रं कितीतरी आहेत. खुद्द येशू, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत इतका व्याकूळ झाला की त्याने मित्रांना सोबत जागायला सांगितलं. मित्र झोपून गेले! ज्याच्याकडे शांती मागायची त्याने अशी रात्र काढलेली आहे, याचा मला फार आधार वाटतो.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. पाखरांचा आणि रानफुलांचा. भेटकार्डांवर छापून छापून तो जरा गुळगुळीत झाला आहे. नीट वाचलं तर उद्या सगळं छान होईल, असं येशू तिथे कुठेच म्हणत नाही. त्रास रोज असणार हे तो धरूनच चालतो. फक्त उद्याचं ओझं आज उचलू नका, एवढंच सांगतो. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती. महिन्याचा किराणा मागितलेला नाही.

हे मला कळलं ते एप्रिल २०२१ मध्ये. माझा धाकटा भाऊ कोविडने इस्पितळात होता. आई आणि मी बडोद्यात, बहीण इंदूरला, काका अहमदनगरला. माझे आजोबा तिथूनच रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले होते. रात्री आठला आम्ही सगळे फोनवर एकत्र यायचो. पहिल्या दिवशी ना. वा. टिळकांचं भजन सगळ्यांनी मिळून म्हणायला घेतलं आणि नुसता गोंधळ झाला, कारण प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचत होता. मग एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचा, असं ठरलं. आईने आणखी एक नियम घातला: उद्याचं कुणी काही बोलायचं नाही. ज्याने त्याने आजची एक गोष्ट सांगायची आणि तिच्याबद्दल आभार मानायचे. आज नर्सबाईंनी फोन उचलला. आज तो दोन घास जेवला. एक दिवस काकांना काहीच सुचेना, तर ते म्हणाले, "आज दूध फाटलं नाही." आम्ही हसलो. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू.

अकराव्या दिवशी भाऊ गेला.

त्या रात्रीही आठ वाजता फोन लागला. आभार कसले मानायचे, असं बहीण रागाने म्हणाली. आईने तिला थांबवलं नाही. कुणीच तिला समजावलं नाही. बराच वेळ फक्त रडण्याचे आवाज येत होते, आणि आई मध्येच हळू आवाजात प्रभूची प्रार्थना म्हणत होती. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात बुद्धीपलीकडच्या शांतीबद्दल लिहिलं आहे, आणि ते त्याने कैदेत असताना लिहिलं. मी ते कित्येकदा वाचलं होतं. त्या रात्री मला दुःख कमी वाटलं नाही, पण पायाखाली जमीन आहे असं वाटलं. याहून नेमकं मला सांगता येत नाही.

एक स्पष्ट सांगते. प्रार्थना म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. माझ्या भाचीला परीक्षेच्या दिवसांत छातीत धडधड व्हायची, श्वास कोंडायचा. आमच्या पाळकसाहेबांनी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि त्याच संध्याकाळी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. ती गोळ्याही घेते आणि प्रार्थनेलाही बसते. "हिचा विश्वास कमी" म्हणणाऱ्यांना आमची आई उत्तर द्यायला समर्थ आहे.

आठचा फोन आता फक्त रविवारी होतो. भाची पुढच्या शिक्षणासाठी आमच्याकडेच राहते. लहानपण गुजराती शाळेत गेल्यामुळे तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून तिने टिळकांची भजनं एका वहीत गुजराती लिपीत उतरवून घेतली आहेत. मागच्या रविवारी तिची म्हणण्याची पाळी होती. तिचा 'ळ' अजून नीट येत नाही. आई दर कडव्याला तिला थांबवत होती.