पाठीचे दुखणे आणि कागदावरची ओळ

आमच्या गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात धानाची रोवणी लागते. सारे घर बांधीत वाकलेले असते. अशा वेळी फौजेतून परतलेला एखादा गडी धुऱ्यावर नुसता उभा दिसतो. मणक्याची गादी सरकलेली, वाकवत नाही. लोक म्हणतात, ‘हवालदारसाहेबांना काय, पेन्शन आहे!’ पण त्यांच्या पेटीतला कागद कुणी वाचलेला नसतो.

निवृत्तीपूर्वी लष्कराचे वैद्यकीय मंडळ सैनिकाला तपासते. अपंगत्व किती टक्के आणि ते नोकरीमुळे उद्भवले किंवा वाढले काय, हे ते लिहिते. मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्याला अपंगत्वाची पेन्शन मिळायची, तर किमान २० टक्के हवेत आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ हवे. गोळीची जखम दिसते. झिजलेला मणका दिसत नाही. मग ‘नोकरीशी संबंध नाही’ एवढी एक ओळ माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवते.

परंतु ती ओळ शेवटची नव्हे. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असेच धरावे. उलट म्हणायचे असल्यास मंडळाने कारणे द्यावीत. राम अवतार खटल्यात २०१४ साली टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मान्य झाला. त्यात २० टक्क्यांचे ५० धरले जातात. सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम आहेत. त्यांनी ते आधी पाहावेत.

दावा नाकारल्याचे पत्र आले, की सहा महिन्यांत पहिले अपील करावे. तेथे दाद न मिळाल्यास दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. मंडळाच्या अहवालाची प्रत अभिलेख कार्यालयाकडून मागून घ्यावी. लष्करी इस्पितळाच्या चिठ्ठ्या, हलक्या कामाचे शेरे जपावेत. अर्ज लिहिण्यास सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी.

दुखऱ्या पाठीने विदर्भ एक्सप्रेसमधून रात्रभर मुंबई गाठणे सोपे नाही, हे खरेच. पण अपील म्हणजे भीक नव्हे. भरतीच्या दिवशी सरकारनेच त्या पाठीला ‘निरोगी’ म्हणून सही दिली होती. त्या सहीची आठवण करून देणे, एवढेच ते आहे.