थकलेली कंबर, चुकणारं पाऊल

शिवथरच्या खोऱ्यात भातलावणीच्या दिवसांत माणसं दिवसभर चिखलात वाकलेली असतात. संध्याकाळी बांधावरून परतताना पाऊल घसरलं, तर दोष चिखलाचाच असतो असं नाही.

स्नायू किती ताणला आहे, हे मेंदूला कळवणारे संवेदक स्नायूतच असतात. थकव्यात त्यांचे संदेश बिघडतात आणि कंबर किंवा गुडघा नेमका किती वाकलाय याचा अंदाज चुकतो. शिवाय स्नायूत साचलेल्या रसायनांची वर्दी बारीक मज्जातंतू मज्जारज्जूपर्यंत पोचवतात; मग मेंदूकडून स्नायूंना सुटणारा हुकूमही सौम्य होतो. थकवा स्नायूंइतकाच मज्जासंस्थेचाही असतो, हे इटलीतल्या तुरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी १८९१ मध्येच मांडलं होतं.

थकव्यापाठोपाठ दुखणं आलं की चालच बदलते. काही स्नायू आखडतात, काही ढिले पडतात, भार दुसऱ्या पायावर जातो. चार दिवस हे सोयीचं. पण दुखणं गेल्यावरही तीच सवय राहिली, तर दुसरा सांधा कुरकुरू लागतो.

म्हणून लावणीत मधूनमधून ताठ उभं राहावं, रोपं खणणं आणि लावणं आलटूनपालटून करावं. पाय बधिर झाला किंवा त्यातला जोर गेला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.