उंबरठ्यावरची परीक्षा

रशिया, जॉर्जिया किंवा किर्गिझस्तानमधून वैद्यकीय पदवी घेऊन मुलगा घरी परततो, तेव्हा पेढे वाटले जातात आणि आप्तेष्ट त्याला कौतुकाने ‘डॉक्टरसाहेब’ म्हणू लागतात. त्या हाकेने तो मात्र संकोचतो. कारण भारतात रुग्ण तपासण्याचा अधिकार त्याला अद्याप मिळालेला नसतो. त्यासाठी ‘एफएमजीई’ ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

२००२ पासून घेतली जाणारी ही परीक्षा साधारणतः वर्षातून दोनदा होते. एकाच दिवशी, दीडशे-दीडशे मिनिटांच्या दोन सत्रांत ३०० प्रश्न सोडवायचे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण पुरतात आणि चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. कागदावर हे सोपे भासते. परंतु शरीररचनाशास्त्रापासून शल्यचिकित्सेपर्यंतचा सगळा अभ्यास त्या एका दिवशी तोलला जातो. वडिलांनी घेतलेले कर्ज आणि आईने मोडलेल्या ठेवी यांचे ओझेही मुलाच्या मनावर असतेच.

अशा वेळी भीती एक फसवी वाट दाखवते. पाठ झालेली पानेच विद्यार्थी पुन्हा पुन्हा वाचतो आणि सराव चाचणी मात्र ‘अभ्यास पूर्ण झाल्यावर’ म्हणून पुढे ढकलतो. वाचनाने धीर येतो, चाचणीने उणीव उघडी पडते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकी हीच गोष्ट पडताळून पाहिली. पाच मिनिटांनंतर विचारले, तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिल्याचे दिसले. आत्मविश्वास मात्र वाचणाऱ्यांचाच मोठा होता!

म्हणून सराव चाचणी पहिल्या आठवड्यापासूनच द्यावी. चुकलेल्या प्रश्नांची एक वही ठेवावी आणि ठरावीक दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा सोडवावेत. झोपेत कपात करू नये; वाचलेले मनात स्थिरावण्यास झोपेचे साहाय्य होते. ही स्पर्धा नसून उंबरठा आहे. शेजारच्याला किती गुण मिळाले, याने आपला उंबरठा उंच होत नाही. एखाद्या वेळी अपयश आलेच, तर पुढील सत्रात पुन्हा बसता येते.

तथापि, आपली चूक पाहण्याचे धैर्य मुलाला घरातूनच मिळते. सराव चाचणीत कमी गुण पडल्याचे सांगताच आईवडिलांचे चेहरे उतरत असतील, तर तो पुढच्या वेळी सांगणारच नाही. झोप उडाली, जेवण तुटले, निराशेचे बोल वारंवार कानी पडू लागले, तर ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून दुर्लक्ष करू नये. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते.

रात्री ताटावर बसल्यावर ‘किती अभ्यास झाला?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणता प्रश्न अडला?’ असे विचारून पाहावे. उत्तर घरच्यांना कदाचित कळणार नाही. पण अडले हे सांगायला घरात जागा आहे, हे त्याला नक्की कळेल.