डोंगराआडचा मारा

कल्याणहून मलंगगडाकडे पाहिलं की साध्या तोफेची अडचण कळते. सपाट मार्गाने गेलेला गोळा डोंगरावर आपटणार. पलीकडे दबा धरून बसलेल्याच्या केसालाही धक्का नाही. उखळी तोफ गोळा उंच फेकते आणि तो डोक्यावर उतरतो. अशा तोफा वेढ्यांत पूर्वीपासून होत्या, पण भलत्या अवजड. सुटी करून सैनिकांना उचलून नेता येईल अशी तोफ विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज अभियंत्याने १९१५ मध्ये तयार केली.

रचना फसवी सोपी: गुळगुळीत नळी, बुडाशी जाड पाट, पुढे दोन पाय. तोंडातून सोडलेला बॉम्ब घसरत तळाच्या पिनवर आदळतो, शेपटीतलं काडतूस पेटतं आणि बॉम्ब आल्या वाटेने बाहेर. खरी कारागिरी आहे ती बॉम्ब आणि नळी यांच्यामधल्या फटीत. ती फार अरुंद असेल तर खालची हवा निसटत नाही, बॉम्ब रेंगाळत उतरतो, पिनवर नीट आपटतच नाही. रुंद असेल तर वायू वाया जातो आणि पल्ला घटतो.

स्टोक्सचे सुरुवातीचे बॉम्ब हवेत कोलांट्या खात. फ्रान्सच्या ब्रांट यांनी थेंबाच्या आकाराचा, शेपटीला पंख असलेला बॉम्ब आणला; त्यांचा ८१ मिलिमीटरचा नमुना दुसऱ्या महायुद्धापर्यंत अनेक सैन्यांनी उचलला. भारतात ब्रिटिशांच्या दोन इंची तोफेनंतर ५१ मिलिमीटरची तोफ आली, ती पुण्याच्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने घडवलेली.