वीस बाजूंचा फासा आणि हाउजीची पिशवी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) खेळायचं मनात आलं की माणूस आधी फोनवर किमती बघतो आणि बेत तिथेच बारगळतो. तीन जाडजूड पुस्तकं, रंगीत फाशांचा संच, राक्षसांच्या चिमुकल्या मूर्ती, छापील नकाशे... बेरीज करता करता कॉलेजातल्या मुलाचा महिन्याचा खर्च त्यात बुडतो. मग 'हा श्रीमंतांचा छंद' असा शिक्का मारून तो विषय मिटवतो.

खेळ तसा साधा आहे. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. त्यांतला एक सूत्रधार, म्हणजे डंजन मास्टर किंवा डीएम. तो प्रसंग उभा करतो: "दार अर्धवट उघडं आहे, आतून कुजका वास येतोय. काय करता?" बाकीचे एकेक पात्र होऊन उत्तर देतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकतात. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम किंवा आरपीजी म्हणतात तो प्रकार एवढाच. यात पैसे नेमके कुठे लागतात आणि कुठे लागत नाहीत, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : आधी तीन पुस्तकं विकत घ्यावीच लागतात

वस्तुस्थिती : 'प्लेअर्स हँडबुक', 'डंजन मास्टर्स गाइड' आणि 'मॉन्स्टर मॅन्युअल' ही ती तीन पुस्तकं. २०१४ च्या आवृत्तीत प्रत्येकाची छापील किंमत ४९.९५ डॉलर होती, म्हणजे आजच्या दराने तिन्हींचे बारा हजार रुपयांच्या पुढे. पण त्याच २०१४ साली खेळाच्या प्रकाशक कंपनीने मूळ नियमांची एक पीडीएफ फुकट ठेवली होती. तिच्यात चार वर्ग (लढवय्या, चोर, जादूगार आणि पुरोहित), चार वंश आणि पहिल्यापासून विसाव्या पातळीपर्यंतचा खेळ होता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एसआरडी, अर्थात सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट. सुमारे ४०० पानांच्या या दस्तऐवजात बाराही वर्ग, मंत्र, जादूच्या वस्तू आणि तीनशेच्या वर प्राणी-राक्षस आहेत. प्रत्येक वर्गाची एकच उपशाखा दिली आहे आणि बिहोल्डरसारखे काही खास राक्षस कंपनीने स्वतःकडे राखले आहेत. वर्षभर खेळायला मात्र एवढं पुरून उरतं.

एसआरडी सर्वांसाठी कायमचा खुला झाला त्याला एक भांडण कारणीभूत आहे. २००० पासून चालत आलेला खुला परवाना बदलायचा कंपनीचा बेत जानेवारी २०२३ मध्ये फुटला. खेळाडू आणि छोटे प्रकाशक इतके खवळले की २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली ठेवला. हा परवाना परत घेता येत नाही. श्रेय दिलं की कोणीही त्याची प्रत काढू शकतो, त्यात बदल करू शकतो आणि तो विकूही शकतो. म्हणजे उद्या कोणी त्याचं मराठी भाषांतर करून छापलं, तर ते पूर्णपणे कायदेशीर असेल. अजून काय हवं?

गैरसमज २ : खास फाशांशिवाय खेळ अडतो

वस्तुस्थिती : खेळ पहिल्यांदा बाजारात आला १९७४ मध्ये. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी लिहिलेल्या तीन छोट्या पुस्तिका एका खोक्यात घालून दहा डॉलरला विकल्या जात. चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे तेव्हा खेळण्यांच्या दुकानात मिळत नव्हते. गायगॅक्सना ते सापडले शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगात. मुलांना भूमितीतल्या घनाकृती दाखवायला केलेल्या त्या वस्तू होत्या. पुढे १९७९ च्या सुमारास मागणी इतकी वाढली की फासेच संपले. तेव्हा त्या वेळच्या प्रकाशक कंपनीने खोक्यात पुठ्ठ्यावर छापलेले आकडे घातले. ते कातरायचे, पेल्यात टाकायचे आणि न बघता एक उचलायचा.

हीच युक्ती आपल्याकडे आयती आहे. घरातली हाउजीची पिशवी काढा. १ ते ९० पैकी १ ते २० एवढ्याच सोंगट्या वेगळ्या करून पिशवीत टाका, झाला वीस बाजूंचा फासा. आठ बाजूंचा हवा तर १ ते ८ ठेवा. पथ्य एकच, काढलेली सोंगटी लगेच परत टाकायची. नाहीतर एकदा आलेला २० पुन्हा येणारच नाही आणि शेवटी शेवटी काय उरलंय ते सगळ्यांना पाठ होईल.

पत्त्यांनीही काम भागतं. एक्क्यापासून दश्शीपर्यंतची चाळीस पानं घ्या. लाल पान आलं तर आकडा तसाच, काळं आलं तर त्यात दहा मिळवा. दर वेळी पान परत घालून पिसा. हेही नको असेल तर फोनवर फासे टाकणारी फुकट ॲप आहेतच.

एक चूक मात्र टाळा. बारा बाजूंच्या फाशाऐवजी सापशिडीचे दोन फासे टाकून बेरीज करणं चालत नाही. दोन फाशांवर १ कधीच येत नाही. छत्तीस शक्यतांपैकी ७ सहा प्रकारे येतो, तर १२ एकाच प्रकारे. खऱ्या बारा बाजूंच्या फाशावर सगळे आकडे सारखेच येतात. बदली फासा घ्यायचा तर शक्यता तरी तीच राहायला हवी.

गैरसमज ३ : मूर्ती आणि नकाशे नसतील तर मजा नाही

वस्तुस्थिती : १९७४ च्या पहिल्या पुस्तिकेतच म्हटलं होतं की लघुमूर्ती गरजेच्या नाहीत, त्या डोळ्यांना बऱ्या वाटतात एवढंच. आज ज्यांच्या महागड्या मूर्ती विकल्या जातात त्यांतल्या काही राक्षसांचा जन्मही स्वस्ताईतलाच आहे. घुबडाचं तोंड असलेलं अस्वल म्हणजे आऊलबेअर, लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर आणि जमिनीखालून उसळणारा ब्युलेट हे तिघेही हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या चिल्लर खेळण्यांवरून सुचले. पिशवीवर 'प्रागैतिहासिक प्राणी' असं काहीतरी लिहिलेलं होतं. आतले आकार कुठल्याच प्राण्यासारखे नव्हते, म्हणून गायगॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना नावं दिली आणि नियम लिहिले.

तेव्हा जत्रेतून आणलेली प्लास्टिकच्या प्राण्यांची पिशवी फेकू नका. कॅरमच्या सोंगट्याही कामाच्या आहेत. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. पांढऱ्या आपल्या, काळ्या शत्रूच्या आणि राणी म्हणजे अर्थातच ड्रॅगन. पात्राचा जीव मोजायला चिंचोके ठेवा. घाव बसला की चिंचोका काढताना तोंडावर जे भाव येतात ते कागदावर खोडून येत नाहीत. नकाशाला शाळेतली चौकटीची वही घ्या. पुस्तकात एक चौकोन म्हणजे पाच फूट धरतात, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे.

मित्र एक पुण्यात, एक टोरांटोत, एक बंगळुरात असेल तर रोल२० आणि आऊलबेअर रोडिओ यांसारख्या ठिकाणी फुकट खातं उघडून सगळ्यांना एकच नकाशा पडद्यावर दिसतो.

गैरसमज ४ : फुकटातले खेळ म्हणजे दुय्यम माल

वस्तुस्थिती : डी अँड डी हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ आहे, एकमेव नव्हे. 'पाथफाइंडर' घ्या. त्याचे सगळे नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या संकेतस्थळावर प्रकाशकाच्या संमतीने फुकट वाचता येतात. 'बेसिक फँटसी' २००६ पासून हौशी मंडळींनी चालवलेला आहे. त्याची पीडीएफ फुकट आणि छापील प्रत जवळपास छपाईखर्चात मिळते. शॉन टॉमकिन यांचा 'आयर्नस्वॉर्न' (२०१८) फुकट आहे, आणि डीएम नसला तर एकट्यालाही खेळता येतो. योकाई गाल यांचा 'केर्न' (२०२०) छोट्या पुस्तिकेत मावतो आणि त्याच्या परवान्यात भाषांतराची मुभा आहे.

सगळ्यांत लहान नमुना म्हणजे जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (२०१३). अख्खा खेळ एका पानावर! तुम्ही अंतराळयानातले कर्मचारी. पात्र घडवायचं म्हणजे २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. आकडा मोठा तर तुम्ही यंत्रं, विज्ञान आणि थंड डोक्याच्या कामात तरबेज. लहान असेल तर माणसं ओळखण्यात, मन वळवण्यात.

समजा तुमचा आकडा ४ आहे आणि बिघडलेलं इंजिन दुरुस्त करायचंय. हे डोक्याचं काम, म्हणून फासा ४ च्या खाली यायला हवा: १, २ किंवा ३. परग्रहावरच्या राणीची समजूत काढायची असेल तर तो ४ च्या वर, म्हणजे ५ किंवा ६ यायला हवा. नेमका ४ आला तर काम जमतंच, वर डीएमला एक प्रश्न विचारून खरं उत्तर मिळवता येतं. तयारी केली असेल तर एक फासा जास्त, त्या कामात मुरलेले असाल तर आणखी एक. नियम संपले. मित्रांना हे समजवायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो, आणि लागतात ते आपले नेहमीचे सहा बाजूंचे फासे.

गैरसमज ५ : गोष्टसुद्धा विकत आणावी लागते

वस्तुस्थिती : तयार साहसकथा विकत मिळतात हे खरं, पण फुकटही ढीगभर आहेत. 'वन पेज डंजन' (डंजन म्हणजे राक्षसांनी भरलेलं भुयार) ही स्पर्धा २००९ मध्ये सुरू झाली. नकाशा, खोल्या, सापळे, खजिना सगळं एका पानात बसवायचं, अशी तिची अट. आजवरच्या प्रवेशिका क्रिएटिव्ह कॉमन्सखाली उपलब्ध आहेत. डायसन लोगोस या नावाने हाताने काढलेले शेकडो गुहा-किल्ल्यांचे नकाशेही घरच्या खेळासाठी मोकळे आहेत.

आणि आपलं घर तरी कुठे रिकामं आहे? सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागर' रचला. गुणाढ्याची हरवलेली 'बृहत्कथा' हा त्याचा आधार, आणि परंपरा गुणाढ्याला प्रतिष्ठानच्या सातवाहनाच्या दरबारात बसवते. वेतालाच्या पंचवीस गोष्टी याच ग्रंथात आहेत. त्यात प्रेत खांद्यावर घेऊन निघालेला राजा त्रिविक्रमसेन गोदातीरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा. खांद्यावरचं भूत गोष्ट सांगतं, शेवटी कोडं घालतं, राजा बोलला की परत झाडावर जाऊन लटकतं. पंचवीस सेशनांचं, म्हणजे बैठकांचं, कॅम्पेन (सलग चालणारी मोहीम) आयतं हातात आहे. टॉनी यांनी १८८० ते १८८४ मध्ये केलेलं या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळं झालं आहे.

नकाशा हवा तर देवगिरी-दौलताबादला जाऊन या. सरळ तासलेला कडा, खडकात खोदलेला खंदक आणि वर जायला 'अंधारी' नावाचं काळोखं, वळणावळणाचं भुयार. त्या भुयारात शत्रूला धुराने गुदमरवायचीही सोय केलेली होती. अमेरिकेतल्या लेखकाला जो डंजन कल्पनेने रचावा लागतो तो आपल्याकडे प्रत्यक्ष उभा आहे. वहीत आराखडा काढून आणा आणि यादवांच्या जागी पिशाच्चं बसवा.

गैरसमज ६ : नेटवर पीडीएफ सापडली म्हणजे ती फुकटच

वस्तुस्थिती : लेखकाने मोकळं ठेवलेलं आणि कोणीतरी स्कॅन करून टाकलेलं यांत फरक आहे. ग्रुपवर फिरणारी विकतच्या पुस्तकाची फाइल ही चोरीच. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं पुस्तकाला संरक्षण देतो. ते संरक्षण मजकुराला आणि चित्रांना असतं, 'फासा टाकून निकाल लावा' या कल्पनेला नसतं. म्हणून नियम समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहून काढायला कोणाची हरकत नाही. फाइलवरचा परवाना वाचायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं वाचा.

कायदेशीर स्वस्ताईच्या वाटाही बऱ्याच आहेत. ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि इच डॉट आयओवर कितीतरी खेळ 'जमेल तेवढे द्या' या बोलीवर मिळतात. तिथे शून्य रुपयेही चालतात आणि खेळ आवडल्यावर परत येऊन पैसे देता येतात. 'बंडल ऑफ होल्डिंग' २०१३ पासून पीडीएफचे गठ्ठे कमी दरात विकतं, आणि त्यांतला काही वाटा धर्मादाय संस्थेला जातो.

गैरसमज ७ : इंग्रजी फर्डं हवं

वस्तुस्थिती : नियम इंग्रजीत आहेत, खेळ बोलण्यात आहे. डीएमने पान वाचून घेतलं की बाकीच्यांनी त्याकडे बघायचीही गरज नाही. "मी तलवार उपसतो", "मी त्याला गोडीगुलाबीने विचारते" हे मराठीतच म्हणायचं. खानावळीच्या म्हातारीला कोकणी हेल दिला किंवा पहारेकऱ्याला वऱ्हाडी बोलायला लावलं की पात्रं लगेच उभी राहतात, त्याला पैसे पडत नाहीत.

खरा खर्च वेळेचा आहे. चार माणसांना एकाच रविवारी तीन तास एकत्र आणणं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा महाग पडतं, आणि दर वेळी एकालाच डीएम केलं तर तो चौथ्या आठवड्याला कंटाळतो. म्हणून आळीपाळीने बसा. सुरुवातीला एका पानाचा खेळ घ्या आणि एका बैठकीत संपणारी गोष्ट निवडा. हाउजीच्या वीस सोंगट्या, चौकटीची वही, दोन पेन्सिली आणि कॅरमची राणी एवढं काढून ठेवा. दहा सेशन झाली, गोडी लागली आणि मोकळे नियम अपुरे वाटू लागले, तर चौघांनी वर्गणी काढून 'प्लेअर्स हँडबुक'ची एक प्रत घ्या. एका टेबलाला एक पुस्तक पुरतं.